गोवेकराला बंदी, कोल्हापूरकराला पायघड्या

महाराष्ट्राने २०२३ मध्ये असा एक कायदा रद्द केला, जो कधी लागूच झाला नव्हता. १९७६ चा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा. विधिमंडळाने तो मंजूर केला होता, पण अंमलबजावणीची अधिसूचना काही निघाली नाही आणि सत्तेचाळीस वर्षं तो तसाच पडून राहिला. पळवाट म्हणून कुणी त्याचा उपयोग करू नये यासाठी तो मोडीत काढला, हे बरंच झालं. राज्यात कॅसिनो नको, या भूमिकेशी माझं काही भांडण नाही.

कोल्हापूरला मात्र त्या निर्णयाने काडीचाही फरक पडला नाही. जोडून सुट्टी आली की एमएच-०९ च्या गाड्या निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीचा घाट उतरतात. बहुतेक जण समुद्रासाठी आणि माशासाठी जातात, ते सुखाने जाऊन येतात. थोडे पणजीच्या जेट्टीवर जातात आणि तिथून छोट्या बोटीने मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर. हे 'थोडे' किती, याची मोजदाद कुणी ठेवत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या न ठेवलेल्या मोजदादीबद्दल आहे.

आधी गोव्याचा कायदा बघू. तिथला सार्वजनिक जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवर टेबलं मांडायला. आज मांडवीत सहा तरंगते कॅसिनो आहेत आणि जमिनीवर हॉटेलांतले वेगळे. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशाला तिथे खेळायला बंदी आहे. ती किती काटेकोर पाळली जाते हा वेगळा विषय. पण सरकारने ती घातली, यातच सगळं आलं. खेळ निर्धोक असता तर आपल्याच मतदारांना दारातून परत पाठवायचं कारण काय होतं?

हे काही गोव्याचंच डोकं नाही. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकाला कॅसिनोत जाता येत नाही. मोनाकोच्या जगप्रसिद्ध कॅसिनोत मोनाकोचा नागरिक खेळू शकत नाही. दक्षिण कोरियात इतके कॅसिनो आहेत, पण कोरियन माणसाला फक्त एकाच ठिकाणी प्रवेश आहे, तोही कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका डोंगराळ भागात. जगभर हा धंदा जवळून बघणाऱ्या सरकारांनी एकच हिशोब मांडलेला दिसतो: पैसा इथे यावा, त्यामागून येणारी भानगड दुसऱ्याच्या गावात राहावी. गोव्याला मी नावं ठेवत नाही, त्यांनी आपली माणसं सांभाळली. पण 'दुसऱ्याचं गाव' म्हणजे आपलं गाव असेल, तर आपली माणसं सांभाळायचं काम कुणाचं, हे विचारावं लागेल.

कॅसिनोतल्या गुन्हेगारीचा विषय निघाला की लोकांना आधी आठवतात ते सिनेमातले दरोडे. खरं सांगायचं तर कॅसिनोइतकी कडक सुरक्षा आपल्या एखाद्या जिल्हा बँकेतही नसते. टेबलावर पत्ते वाटणारा डीलर उठून जाताना दोन्ही हात झटकून, तळवे वर-खाली फिरवून छताकडे दाखवतो. हाताला चिप, म्हणजे पैशांच्या जागी चालणारी चकती, चिकटलेली नाही, हे वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. मोठ्या कॅसिनोंत कॅमेऱ्यापुढे बसणारी मंडळी आणि दारावरचे सुरक्षारक्षक ही दोन वेगळी खाती असतात, वेगळ्या साहेबाला उत्तर देणारी, कारण रक्षकावरही नजर ठेवायची असते. या धंद्यात विश्वास हा प्रकारच नाही, आणि त्याला कारणं आहेत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळात रॉन हॅरिस नावाचा एक तंत्रज्ञ होता. यंत्रं प्रामाणिक आहेत का हे तपासणं त्याचं काम. पठ्ठ्याने तपासता तपासताच यंत्रांत आपला प्रोग्राम घुसवला. १९९५ मध्ये पकडला गेला.

लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत डिसेंबर २०१० मध्ये हेल्मेट घातलेला एक जण मोटारसायकलवरून आला आणि पंधरा लाख डॉलरच्या चिप्स घेऊन पसार झाला. कॅसिनोने पंचवीस हजार डॉलरच्या त्या जातीच्या चिप्सच बाद करायचं ठरवलं. चोर त्या विकायला बसला आणि साध्या वेशातल्या पोलिसाच्याच गळ्यात मारायला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये हेच बेलाजिओ चालवणारी कंपनी एमजीएम हॅकरांच्या तावडीत सापडली. सुरुवात झाली एका फोनने. कर्मचारी असल्याची बतावणी करून मदतकक्षाकडून लॉगिन मिळवलं, बस. खोल्यांची डिजिटल कुलुपं, स्लॉट यंत्रं, बुकिंग, सगळं दहाएक दिवस कोलमडलं, आणि कंपनीने नुकसानीचा आकडा सांगितला सुमारे दहा कोटी डॉलर. त्याच सुमारास शेजारच्या सीझर्स या कॅसिनो कंपनीने दीड कोटी डॉलरच्या आसपास खंडणी भरून सुटका करून घेतल्याच्या बातम्या आल्या.

वाचायला हे सगळं रंजक आहे. पण यात कॅसिनो हा फिर्यादी आहे. त्याचं नुकसान झालं की तो वकील लावतो, कॅमेरे वाढवतो, तज्ज्ञ बोलावतो. त्याची काळजी आपण करायचं कारण नाही.

खरी गंमत सुरू होते ती गुन्ह्याने कॅसिनोचं नुकसान न होता फायदा होतो तिथे. फेब्रुवारी २०१६ मध्ये हॅकरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळजवळ शंभर कोटी डॉलर उचलायचा डाव टाकला. बरंचसं अडलं. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी एका स्पेलिंगच्या चुकीमुळे थांबले. पण आठ कोटी दहा लाख डॉलर मनिलातल्या एका बँकेच्या शाखेत पोचले आणि तिथून कॅसिनोंत. का? कारण तेव्हा फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात कॅसिनो नव्हतेच. पैसा चिप्स झाला, चिप्स बॅकरा या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलांवर फिरल्या, आणि मागावर असलेल्यांना पुढे दारच सापडेना. त्या कॅसिनोंतही कॅमेरे होते, रक्षक होते, पत्त्यांतली लबाडी पकडणारी तज्ज्ञ मंडळी होती. कुणी चिप चोरली असती तर मिनिटात धरला असता. चोरीचा पैसा समोर मांडून खेळणाऱ्याला मात्र सगळे सर म्हणत होते. कायदा २०१७ मध्ये दुरुस्त झाला, वरात पुढे गेल्यावर.

कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या कॅसिनोंत वीस-वीस डॉलरच्या नोटांची बंडलं पिशव्यांतून यायची आणि वर्षानुवर्षं मोजून घेतली जायची. त्यावर चौकशी आयोग बसला, २०२२ मध्ये अहवाल आला. ऑस्ट्रेलियात क्राउन कंपनीला २०२३ मध्ये पंचेचाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मकाऊत सनसिटी या सगळ्यात मोठ्या जंकेटच्या प्रमुखाला त्याच वर्षी अठरा वर्षांची शिक्षा झाली.

जंकेटचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातलं अर्धं आपल्याला ओळखीचं वाटेल. हा मधला माणूस गिऱ्हाईक गाठतो, नेतो, राहाय-खायची सोय बघतो, टेबलावर पैसे संपले की उधार देतो आणि वसुली करतो गिऱ्हाइकाच्या गावी. कॅसिनोचे हात कोरडे. उधारी, व्याज, दमदाटी, यातलं काहीही त्याच्या छताखाली घडत नाही. इकडे आंबोलीच्या वरच्या बाजूला असं करणारी माणसं नाहीत असं छातीठोक कुणी सांगेल असं वाटत नाही.

आता कायद्याची एक गाठ. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ पासूनच्या कायद्याने पैजेसाठी दिलेलं कर्जही कोर्टातून वसूल होत नाही. हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा की जुगारासाठी कर्ज देणारा माणूस कोर्टाची आशा धरतच नाही. तो आधीच गुंठा-दोन गुंठ्यांचं साठेखत, सहीचे कोरे चेक, गाडीची कागदपत्रं ठेवून घेतो. आणि वसुलीला पोरं पाठवतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, छापे पडतात, कोरे चेक सापडतात. तक्रार अर्जात 'घरगुती अडचणीसाठी' कर्ज घेतल्याचं लिहिलेलं असतं. पैसे कुठे गेले, हे अर्जदार लाजेने लिहीत नाही आणि अधिकाऱ्याला विचारायचं कारण नसतं.

तिसऱ्या तऱ्हेचे गुन्हे याहून साधे असतात आणि म्हणूनच मला ते जास्त गंभीर वाटतात. आपल्या पेठांतून रोज संध्याकाळी पिग्मी एजंट फिरतो. चहाच्या गाड्यावरून पन्नास, किराणावाल्याकडून दोनशे, शिवणकाम करणाऱ्या बाईकडून वीस. हातातल्या छोट्या मशीनमधून पावती निघते, ती बाई ती पावती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवते. माझ्या माहितीतला एक एजंट, वागायला अगदी सज्जन, आठवड्याची वसुली दोन दिवस उशिरा भरू लागला. मग चार दिवस. सोमवारच्या वसुलीतून मागल्या गुरुवारची तूट भरायची, हा खेळ तो महिनोन्महिने खेळला. पावत्या खऱ्या होत्या, भरणा नव्हता. दिवाळीला ठेवी मोडायला लोक आले तेव्हा भांडं फुटलं. मधल्या काळात तो पणजीला जाऊन-येऊन होता, हे नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. सुरुवातीला जिंकलाही होता म्हणे.

या प्रकरणाची कागदोपत्री ओळख काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, फौजदारी विश्वासघात. गुन्ह्याचं ठिकाण कोल्हापूर. फिर्यादी पतसंस्था. त्यात मांडवी नाही, जहाज नाही. गोव्याच्या पोलिसांच्या आकडेवारीत हा गुन्हा येणार नाही, कारण तो तिथे घडला नाही. आपल्या आकडेवारीत तो जुगाराखाली येणार नाही, कारण जुगार इथे घडला नाही. अमेरिकेत ग्रिनोल्स आणि मस्टर्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडलं होतं की कॅसिनो असलेल्या काउंटींमधल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमधल्या, गुन्ह्यांपैकी सुमारे आठ टक्के कॅसिनोमुळे घडतात, आणि ते पहिल्या वर्षी दिसत नाहीत, काही वर्षांनी चढत जातात. त्यावर टीकाही झाली. पर्यटकांची संख्या धरली तर प्रमाण कमी येतं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. पण दोन्ही बाजू मोजत होत्या ते कॅसिनोच्या गावातले गुन्हे. गिऱ्हाइकाच्या गावातले गुन्हे मोजायचं फारसं कुणाला सुचलं नाही.

एवढं म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली येतात.

पहिलं उत्तर: मग गोव्यातले कॅसिनो बंद करा. बंदी काय करते याचा अनुभव कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. मटका १९६२ मध्ये मुंबईत कल्याणजी भगतने सुरू केला, त्याआधी आकडा न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर लागायचा. त्याच्याही आधी, १८८७ पासून, मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा होता. ओपन-क्लोज आजही चालतो. एप्रिल २०१९ मध्ये यादवनगरात मटका अड्ड्यावर छापा टाकायला गेलेल्या पोलिसांवर जमाव चालून आला, प्रशिक्षणार्थी आयपीएस अधिकाऱ्याच्या पथकाला मारहाण झाली, पुढे मोक्का लावावा लागला. ज्या अड्ड्याला कायद्याने अस्तित्वच नाही, त्याच्या दारावर ना कॅमेरा असतो ना वयाची अट. उद्या मांडवीतली जहाजं हलवली तर तीच टेबलं कुठल्यातरी फार्महाउसवर लागतील, त्यामुळे त्या मागणीत मला रस नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली. मोबाइलवरची ती तहान कुठे वळते, हेही बघावं लागेल.

दुसरं उत्तर जास्त हुशार असतं. 'नाहीतरी आपले लोक जातातच, मग पन्हाळ्याच्या पायथ्याला नाहीतर विमानतळाजवळ एक कॅसिनो रिसॉर्ट काढा, कर तरी आपल्याला मिळेल.' कट्ट्यावर हे म्हणणारा माणूस नेहमी स्वतःला व्यवहारी समजतो. गोव्याला हा धंदा परवडतो कारण तिथे खेळणारा बाहेरून येतो आणि हरून बाहेर जातो. कोल्हापुरात कोण येणार? इचलकरंजीचा यंत्रमागवाला, सांगलीचा हळद व्यापारी, गूळ विकून आलेला करवीरचा शेतकरी. म्हणजे आपलाच पैसा आपल्या खिशातून काढून त्यातला थोडा करापोटी आपल्यालाच परत. अमेरिकेत अटलांटिक सिटीला १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला तेव्हा पूर्व किनाऱ्यावर दुसरा पर्याय नव्हता. शेजारच्या राज्यांनी आपापले काढले आणि एकट्या २०१४ मध्ये तिथले चार बंद पडले. आपण उघडला तर बेळगाव आपला उघडणार नाही याची हमी कुणी देईल?

मला मधला आणि कंटाळवाणा रस्ता दिसतो. सिंगापूरने २०१० मध्ये दोन प्रचंड रिसॉर्ट उघडू दिले, पण आपल्या नागरिकाला दिवसाचं प्रवेशशुल्क लावलं, आधी शंभर आणि २०१९ पासून दीडशे सिंगापूर डॉलर. पैसे कमवायला नव्हे, पाय अडखळावा म्हणून. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे बायको, मुलं, आई-वडील अर्ज करून घरातल्या माणसाचा प्रवेश बंद करवू शकतात. दिवाळखोरीत असलेल्यांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना आपोआप बंदी असते. गोव्याच्या कॅसिनोत शिरताना ओळखपत्र दाखवावंच लागतं. वय २१ पूर्ण आहे का आणि पत्ता गोव्याचा आहे का, हे त्यावरून पाहतात. जी व्यवस्था गोवेकर ओळखू शकते, ती एका यादीत नाव आहे का, हेही पाहू शकते. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. दोन राज्यांमध्ये एक करार, गोव्याच्या गेमिंग आयुक्तांकडे यादी, आणि इकडे अर्ज घ्यायला जिल्हाधिकारी कार्यालयात एक टेबल.

या सूचनेची मर्यादा मला माहीत आहे, आणि ती दाखवणारं भयंकर उदाहरण मनिलाचंच आहे. जून २०१७ मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड मनिला कॅसिनोत एक जण रायफल घेऊन घुसला, टेबलांना आग लावली, आणि धुराने गुदमरून ३७ जण गेले. तो अर्थखात्यातला माजी कर्मचारी होता, जुगारात कर्जबाजारी झालेला, आणि घरच्यांच्या विनंतीवरून दोनच महिन्यांपूर्वी त्याला कॅसिनोत प्रवेशबंदी झाली होती. यादीत नाव होतं. पण डोक्यावरचं कर्ज तसंच होतं. म्हणजे यादीबरोबर कर्जातूनही मार्ग काढावा लागतो. अर्ज आला की सावकारीविरोधी तक्रारीचा आणि समुपदेशनाचा कागद त्याच खिडकीवर मिळायला हवा. तीन कार्यालयांच्या तीन चकरा मारायला लावल्या तर बाई पहिल्याच चकरेत घरी जाईल.

एक आक्षेप खासगीपणाचा. घरचं भांडण, सुनेचा राग, वाटणीचा वाद, यापोटी कुणी कुणाचंही नाव घालेल. बरोबर. म्हणून ज्याचं नाव आलं त्याला बोलावून ऐकून घेतल्याशिवाय बंदी पक्की करायची नाही, आणि ती ठरावीक मुदतीची ठेवायची. यापलीकडे त्यात मोठी हानी नाही. कॅसिनोत जाता न येणं म्हणजे काही नागरी मरण नव्हे.

गोवा हे मान्य का करेल, हा खरा कळीचा प्रश्न. कॅसिनोचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक तोच, ज्याचं नाव या यादीत असायला हवं. सद्भावनेवर भिस्त ठेवून हे होणार नाही. पण २००९ च्या दुरुस्तीपासून कॅसिनो मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख पटवणं, मोठ्या आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती कळवणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ईडीने बेकायदा सट्टेबाजीच्या आरोपावरून कर्नाटकातल्या एका आमदाराला गंगटोकमध्ये अटक केली आणि त्या तपासात गोव्यातल्या कॅसिनोंवरही छापे घातले. आरोप कोर्टात टिकतील न टिकतील. पण केंद्राचा हात तिथवर पोचतो, हे दिसलं. महिना पंधरा-वीस हजार कमावणारा माणूस एका रात्रीत दोन लाखांच्या चिप्स घेतो तेव्हा हा पैसा कुणाचा, हे विचारण्याचं बळ या कायद्यात आहे. तो प्रश्न विचारला जावा यासाठी महाराष्ट्राच्या खासदारांनी दिल्लीत आवाज उठवायला काय हरकत आहे? कोल्हापूरचे खासदार ऊस आणि महामार्गावर बोलतात, यावरही एकदा बोलावं.

तोवर जिल्ह्याच्या स्वतःच्या हातात काही आहेच. पिग्मीची वसुली त्याच दिवशी भरली गेली का, हे खातेदाराच्या मोबाइलवर संस्थेकडून, एजंटाच्या मशीनकडून नव्हे, मेसेजने कळवणं ही मोठी तांत्रिक क्रांती नाही. अनेक बँका कधीपासून करतात. सहकार खात्याने लेखापरीक्षणात दर तीन महिन्यांनी निवडक खातेदारांच्या घरी जाऊन पावती आणि खातेउतारा ताडून पाहावा. तारण सोन्यावर कर्ज देताना एकाच घरातले दागिने दोन महिन्यांत चौथ्यांदा येत असतील, तर शाखाधिकाऱ्याने त्या घरातल्या बाईला फोन करावा. आणि विश्वासघाताच्या प्रत्येक गुन्ह्यात तपासी अंमलदाराने एक रकाना भरावा: पैसे गेले कुठे. वर्षभराने त्या रकान्यांची बेरीज घेऊन पालकमंत्र्यांनी पणजीला जावं. बोलणी करायची तर हातात कागद हवा.